सोनेरी चौकटीतलं शिफारसपत्र

"तूच लिहून आण, मी सही करतो," असं म्हणून शिवराज सरांनी फॉर्म सम्यकला परत दिला आणि समोरच्या गठ्ठ्यातल्या पुढच्या कागदावर सही केली.

डॉ. सम्यक साळवे त्या हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात नोकरीला होता, आणि शिवराज सर त्या विभागाचे प्रमुख. सम्यकला पुण्याच्या एका संस्थेत मेंदूच्या इमेजिंगची फेलोशिप करायची होती. वर्षाला जागा एकच. अर्ज किती आले असतील याचा विचार करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि दिवसभर तो दुसरा विचार करत नव्हता. अर्जाला विभागप्रमुखांचं शिफारसपत्र जोडायचं होतं, आणि फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलं होतं: पत्र गोपनीय असून ते उमेदवाराला दाखवू नये.

जे पत्र उमेदवाराला दाखवायचं नाही ते उमेदवारानंच लिहायचं, यात सरांना काही वावगं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर सम्यकलाही दिसत नव्हतं. आपल्याकडे शिफारसपत्रं अशीच तयार होतात आणि अशा पत्रांवर माणसं थेट परदेशात जाऊन पोचतात. शिवराज सर काही वाईट माणूस नव्हते. दिवसाला शंभरेक सह्या कराव्या लागायच्या. वाचत बसलो तर विभागाला कुलूप लागेल, असं ते म्हणायचे, आणि विभाग चालू होता.

सम्यक लिहायला बसला. परक्याच्या मेंदूबद्दल दीड पान लिहिणारा हा गडी स्वतःबद्दल चार ओळींत आटपला. डॉ. सम्यक वेळेवर येतात. त्यांचं काम समाधानकारक आहे. स्वभाव शांत आहे. चौथी ओळ त्यानं लाजून खोडली. सरांनी कागद वाचला नाही, हातभर लांब धरून नुसता पाहिला.

"एवढंसंच? अरे, निदान पान तरी भरू दे. आणि शुक्रवारी पाचला मुदत संपते. मी एकच्या सुमाराला एअरपोर्टला निघतो. त्याच्या आत आण."

हा झाला बुधवार. गुरुवारी संध्याकाळी सम्यक ताटावर नुसता बसून होता, तेव्हा केसरबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, कारण काढून घेतलं.

"मंग त्यात काय एवढं. तुज्या पप्पांना सांग. सगळ्या वाळूजची मानपत्रं कोण लिहितं?"

हे मात्र खरं होतं. साहेबराव साळवे तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होते आणि युनियनचे चिटणीस होते. कुणी निवृत्त झालं की शाल, नारळ आणि साहेबरावांचं मानपत्र ठरलेलं. स्वतः निवृत्त झाले तेव्हाही दुसऱ्या कुणाला जमेना म्हणून त्यांनी आपलं आपणच लिहिलं होतं आणि त्यात दोन दोष सांगितले होते.

"मुद्दे तेवढे काढून द्या पप्पा," सम्यक म्हणाला. "इंग्लिशमध्ये मी करतो."

"फॉर्म दाखव आधी." साहेबरावांनी फॉर्म घेतला आणि खालच्या बारीक टाइपासकट सगळा वाचला. कुठलाही कागद ते असाच वाचत. मॅनेजमेंटनं त्यांचा धसका घेतला होता तो उगीच नाही. "खाली सही सरांची हाय. म्हंजे बोलणारे सर. व्हय ना?"

"हो."

"बरं. पण मी लिहीन ते खरं लिहीन. खोटं मानपत्र मी जलमात लिहिलं नाय."

यावर सम्यकनं मान हलवली. माणसानं मान हलवण्याआधी विचार करावा, पण भूक लागली होती.

शुक्रवारी सकाळी साहेबरावांनी एका बैठकीत दोन पानं लिहिली. सम्यक तोवर ड्यूटीवर गेला होता. त्यांनी चार वेळा फोन लावला. चारही वेळा तो वाजत राहिला, कारण सम्यक एका गंभीर पेशंटबरोबर एमआरआयच्या खोलीत होता आणि तिथं लोखंडाचं, चुंबक ओढून घेईल असं काही नेता येत नाही, मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. एक वाजता सर जाणार. साहेबराव तीस वर्षांत एकदाही शिफ्टला उशिरा गेले नव्हते. त्यांनी पायात चपला घातल्या आणि क्रांती चौकात आपल्या नेहमीच्या टायपिंगवाल्याकडे गेले.

"कोण रिटायर होतंय काका?" टायपिंगवाल्यानं विचारलं.

"आमच्या सम्यकचं हाय."

त्यानं जास्त चौकशी केली नाही. साहेबरावांचा मजकूर म्हटल्यावर कागद कुठला, चौकट कुठली, हे त्याला पाठ होतं. वर दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, भोवती सोनेरी पट्टी आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'मानपत्र'. साहेबरावांना तो कागद नेहमीसारखाच वाटला, कारण तो नेहमीसारखाच होता.

विभागात ते पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. सरांचे कारकून सुदर्शन यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"साहेबांचं शिफारसपत्र आणलंय," साहेबराव म्हणाले. "सम्यकचं."

"द्या इकडं. सर निघालेच." सुदर्शननं कागद सह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. सर एका हातानं बॅग उचलत होते, दुसऱ्या हातानं त्यांनी नऊ सह्या केल्या. यावेळी पान भरलेलं होतं, हे त्यांनी पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. सुदर्शननं शिक्का मारला, कागद स्कॅन करून संस्थेला धाडला, मूळ प्रत लाखेनं बंद करून कुरियरला दिली. इतकं चोख काम त्या विभागात कधी झालं नसेल.

सम्यक अडीच वाजता बाहेर आला, त्यानं फोन पाहिला आणि धावत सरांच्या केबिनकडे गेला. वडील बाकावर बसून केळ खात होते.

"पप्पा, मुद्दे कुठायत?"

"गेलं की पत्र. सर म्हणले पान भरलं पायजे, दीड भरलं."

"काय लिहिलंत?"

साहेबरावांनी केळ्याची साल नीट घडी करून पिशवीत टाकली. "ते नाय सांगता यायचं. गोपनीय हाय. उमेदवाराला दाखवू नये असं छापलंय फॉर्मवर."

"अहो, पण मी तुमचा मुलगा आहे."

"म्हनूनच नाय."

महिनाभर सम्यकनं सगळे उपाय केले. आईकडून वशिला लावला. टायपिंगवाल्याकडे गेला, तर त्यानं "काकांनी फाइल डिलीट करायला लावली" असं सांगितलं. सुदर्शनला तर त्या कागदाला सोनेरी काठ होता एवढंच आठवत होतं. ते ऐकून सम्यकची उरलीसुरली झोप गेली.

मुलाखतीला बोलावणं आलं. पुण्यात समितीच्या अध्यक्षा डॉ. सुरेखा देशमाने होत्या आणि दोन्ही बाजूंना एकेक डॉक्टर. त्यांनी पडद्यावर सहा मेंदू दाखवले. सम्यकनं चार ओळखले, पाचव्याला अडखळला, सहावा माहीत नाही म्हणाला. मग मॅडमनी चष्मा लावला आणि एक कागद काढला. त्याची सोनेरी चौकट ट्यूबलाइटमध्ये चकाकली.

"मानपत्र," त्यांनी वाचलं. चेहरा अगदी गंभीर. "'आपण आमच्या विभागात तीन वर्षं इमानेइतबारे सेवा बजावलीत.' ठीक. शेवटी, 'आपलं उर्वरित आयुष्य आरोग्यदायी जावो आणि नातवंडांत जावो.' तुमचं वय काय डॉक्टर?"

"एकतीस, मॅडम."

"लग्न?"

"नाही अजून."

शेजारच्या डॉक्टरांनी खोकल्यासारखं केलं. मॅडमनी नाही केलं. "मधला परिच्छेद वाचते. 'दोन वर्षांपूर्वी सोयगावच्या द्वारकाबाई या पेशंटचा मेंदूचा एमआरआय आपण नॉर्मल दिलात. तो नॉर्मल नव्हता. मी त्या रिपोर्टवर न वाचता सही केली. दुपारी आपण तेच स्कॅन पुन्हा पाहिलं, तेव्हा लहान मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढा पक्षाघाताच्या झटक्याचा डाग दिसला. बाई गावी निघून गेल्या होत्या. फोन लागेना. आपण वडिलांची मोटरसायकल घेऊन शंभर किलोमीटर गेलात आणि त्यांना घेऊन आलात. दुरुस्त रिपोर्टवरही मी न वाचताच सही केली. तो बरोबर होता, यात माझं श्रेय नाही.'"

ही गोष्ट सम्यकनं जगात फक्त आई-पप्पांना सांगितली होती, आणि ते दोघंही आत्ता घरी सुखानं बसलेले होते. फेलोशिप हवी होती ती या द्वारकाबाईंसाठी, म्हणजे त्यांच्यासारख्यांसाठी. पण मेंदूचं शिक्षण मागायला आलेल्या माणसाच्या अर्जातच त्यानं मेंदू कसा चुकीचा वाचला ते लिहिलेलं. जागा गेली, हे त्याला त्या सहा मेंदूंपेक्षा जास्त स्वच्छ दिसलं.

"असं पत्र आमच्याकडे कधी आलं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळं खात्री करणं भाग आहे." त्यांनी शिवराज सरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सम्यकचं पत्र ना? अहो, शब्द न शब्द माझा आहे," सरांचा भरदार आवाज खोलीत घुमला. "स्वतः बसून लिहिलंय. अशा मुलासाठी तेवढं करायलाच हवं."

"आनंद वाटला. मग हे आपलंच ना?" आणि मॅडमनी मधला परिच्छेद पुन्हा, सावकाश, फोनमध्ये वाचून दाखवला.

शेजारच्या डॉक्टरांनी फोन कट झाला का ते वाकून पाहिलं. मग सरांचा आवाज आला. तो भरदार नव्हता.

"हो."

फोन बंद झाला. सम्यकला वाटलं, आता गप्प बसावं. पण गप्प बसून चालेल असं साळव्यांचं घर नव्हतं.

"मॅडम, पत्र सरांनी नाही लिहिलं. माझ्या वडिलांनी लिहिलं. सरांनी..." तो थांबला. "सरांनी सही केली."

"ते कळलंय. विभागप्रमुख नातवंडांपर्यंत जात नाहीत. मजकूर खरा आहे?"

"खरा आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक मेंदू दोनदा बघतो."

"मग फेलोशिप कशाला? दोनदा बघत राहा."

"दोनदा बघूनही न कळणारं बरंच असतं, मॅडम. आत्ताचा सहावा तसाच होता. तो कुणीतरी शिकवायला हवा."

मॅडमनी कागद फाइलीत ठेवला. "पत्र तुमच्या वडिलांचं. पण सही सरांची, आणि आत्ताचं 'हो'सुद्धा त्यांचंच," एवढंच त्या म्हणाल्या.

बारा दिवसांनी दोन ईमेल आले. एक सम्यकला: निवड झाली. तो मोठ्यानं रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. दुसरा शिवराज सरांना: सगळ्या विभागांतल्या फेलोंपुढे त्यांनी 'मी सही केलेल्या चुका' या विषयावर चाळीस मिनिटं बोलावं, अशी संस्थेची आदरपूर्वक विनंती. सरांना नाही म्हणता येईना. तोवर ती विनंती हॉस्पिटलच्या संचालकांनी नोटीस बोर्डावर अभिनंदनासह लावली होती.

रविवारी सर साळव्यांच्या घरी आले. सम्यकवर ते रागावतील अशी सगळ्यांची अटकळ होती, पण तेवढं बळ त्यांच्यात दिसत नव्हतं.

"साहेबराव, लिहिलंत तर तुम्ही लिहिलंत," ते म्हणाले. "आता भाषणही तुम्हीच लिहून द्या."

"देतो की. पण मला तुमची एकच चूक ठावं हाय. चाळीस मिनिटाला लई कमी पडंल." साहेबरावांनी पॅड मांडीवर घेतलं. "तुम्ही सांगा. मी लिहितो."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग घसा खाकरून बोलू लागले. सुरुवातीला अडखळत, मग भराभर. केसरबाईंनी तीनदा चहा केला. सम्यक दारात उभा होता तो उभाच राहिला. संध्याकाळपर्यंत नऊ पानं झाली. साहेबरावांनी ती सरांपुढे सरकवली. सरांनी सवयीनं खिशातून पेन काढलं, सगळ्यात खालचं पान वर घेतलं आणि पेन त्याच्या कोपऱ्यावर टेकवलं.

साहेबरावांनी त्या कोपऱ्यावर हात ठेवला. "आधी वाचा."

सरांनी पेन बाजूला ठेवलं. चष्मा पुसून लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तिसऱ्या पानावर ते थांबले. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते उचलेनात.

"साहेबराव, इथं दुरुस्ती करा," ते हळूच म्हणाले. "मी एक पेशंट सांगितला. दोन होते."