भालेराव काकांचं ‘आपल्याकडे’

लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसस्टॉपवर, लख्ख उन्हात, भालेराव काका मला म्हणाले, “आपल्याकडे काही खरं नाही, बार्शीकर. पेट्रोल पुन्हा भडकलं.”

मी नुकताच त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मोठी माणसं बोलली की मान डोलवायची, एवढं मला बार्शीच्या शाळेने पक्कं शिकवलेलं. “हो ना काका, इथे फारच महाग आहे,” मी म्हणालो.

“इथे नाही रे! आपल्याकडे. ओहायोला.”

काकांची लेक तिथे अमेरिकेत दिलेली, पण काका स्वतः ओहायोला कधीच गेले नव्हते. एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा विमानात चढवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण अमेरिकेच्या विमानात स्वतः चढायला ते तयार नव्हते. “तिथे नुसता शिंकलो, तर बिल भरायला जावयाला घर विकावं लागेल. आणि हल्ली आपल्याकडे घरं घेतंय कोण?”

टीव्हीवर ब्रिटनच्या बातम्या लागल्या की काका चहा टाकायला उठत. अमेरिकेच्या लागल्या की काकूंना मिक्सर बंद करायला लावत. काकू म्हणायच्या, “मत द्यायचा अधिकार नाही, पण ह्यांना तिथल्या व्याजदराचं अपचन होतं.”

एकदा त्यांचा गुडघा दाखवायला आम्ही जीपीकडे, म्हणजे इथल्या फुकटच्या सरकारी डॉक्टरकडे गेलो. बराच वेळ नंबर लागेना, म्हणून शेजारच्या गोऱ्या आजीबाई कुरकुरत होत्या. काका त्यांच्याकडे वळले. “मॅडम, यू आर लकी. अॅट अवर प्लेस, फर्स्ट दे आस्क इन्शुरन्स, देन वेअर इज द पेन.”

“इन इंडिया, लव्ह?”

“नो, नो. ओहायो.”

त्या हिवाळ्यात मात्र काकांनी ‘आपल्याकडे’ म्हणणं सोडलं. कारण काकूंकडून कळलं. त्यांची लेक शीतल ओहायोत, सातवा महिना लागलेला. जावई कामाला होता तो मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना बंद पडला आणि नोकरीबरोबर विमाही गेला.

“विमा चालू ठेवता येतो म्हणे,” काका म्हणाले. “फक्त त्याचा हप्ता भरायला पगार लागतो.” स्वतःच्या विनोदावर ते हसले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. रोज फोनवर ते शीतलला तिच्याच सरकारची धोरणं समजावत. बाळाचं विचारायचा त्यांना धीर होत नसे. त्या वेळी फोन काकूंच्या हातात जायचा.

काही आठवड्यांनी शीतलचाच फोन आला. नवऱ्याला नोकरी लागली, विमा पहिल्या दिवसापासून. काकूंनी फोनसाठी हात पुढे केला, पण काकांनी तो सोडलाच नाही. “काय गं,” ते हळूच म्हणाले, “लाथा मारतं का?”

मग नाक पुसून ते बाहेरच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. आत काकूंनी शिऱ्यासाठी वेलदोडे मिक्सरला लावले होते.

“बरं, आपल्याकडे लोडशेडिंग कमी झालं का?”

“ओहायोला लोडशेडिंग कुठलं, काका?”

“ओहायोला नाही रे. आपल्याकडे. बार्शीला. आईची गिरणी चालते का आता नीट?”

माझ्या आईच्या पिठाच्या गिरणीचं मी त्यांना एकदाच, बसची वाट पाहताना, ओझरतं सांगितलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी हात वर करून मला थांबवलं.

“अगं,” ते आत ओरडले, “मिक्सर बंद कर जरा!”