बावतीसचं नाक

दोहात आम्ही पिण्याच्या पाण्यातही बर्फ घालायचो, आणि बावतीस डिमेलो फ्रीजमधली बियर टॉवेलात गुंडाळून अर्धा तास बाहेर ठेवायचा. "गारठली की ती तोंड उघडत नाही, जोशा. बोलू दे तिला." अशा माणसाशी वाद काय घालणार?

बावतीस मूळचा वसईचा, नोकरी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. अल नस्र भागात, आमच्या खालच्या मजल्यावर एकटा राहायचा. बायको फिलोमिना गावी. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दारूच्या परमिटवर तो महिन्याला एकच चैन करायचा, ‘गोल्डन एल’ची बाटली. ही सोनेरी विलायती बियर, कुणा इंग्रज साहेबाने त्याला तिची चटक लावलेली. माझ्या मते ती कडू होती, विषय संपला. बावतीस मात्र ग्लास ट्यूबलाइटसमोर धरायचा, नाक आत खुपसायचा, एक घोट घेऊन छताकडे बघत बसायचा आणि मग निकाल द्यायचा. "पपनसाची साल. मागून सुकेळी. शेवटी भिजलेला पेंढा." निकालात वसईबाहेरचं काही कधी आलं नाही. मी म्हणायचो, "अरे, बाटली इंग्लंडची आहे." तो म्हणायचा, "दोष तुझ्या नाकाचा."

मग एका उन्हाळ्यात एसीने त्याला जबर सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. फिनेल, साबण, तळलेले बोंबील, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणारही नाही. मी म्हटलं, नाकच आहे, चालायचंच. पण बावतीस पार खचला. पुढच्या महिन्यात बाटली उघडली, घोट घेतला नि ग्लास खाली ठेवला. "कडू कळतंय. बाकी खलास."

त्याच्या पुढच्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, त्याने मला पुन्हा बोलावलं. टॉवेल, ट्यूबलाइट, सगळं यथासांग झालं. घोट घेऊन तो छताकडे बघत राहिला.

"साल," तो म्हणाला. पुन्हा नाक खुपसलं. "पपनसाची साल. आला रे वास, जोशा."

मला इतकं हायसं वाटलं की उरलेला ग्लास मीच संपवला. कडूच होती.

बावतीस तोवर स्वयंपाकघरातून मसाल्याची बाटली घेऊन आला. त्याची आई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच फिलोमिनाने घरचा मसाला एकटीने करून पाठवला होता. दर फोनला ती विचारायची, कसा झालाय? हा म्हणायचा, चांगला. नाकाचं सांगून तिला घोर लावायचा नव्हता.

त्याने बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटून वास घेतला आणि कॉलिंग कार्ड काढून फोन लावला. "फिलू, मिरची जरा जास्त भाजलीस. धणे मात्र अगदी आईसारखे." मग त्याने नाकाची सगळी कथा सांगितली.

पलीकडून फिलोमिनाचा आवाज मलाही ऐकू आला. "दोन महिने नुसतं चांगला, चांगला. मला वाटलं, तुझ्या मनातून मी उतरले."

रिसीव्हर कानाला धरून बावतीस नाही, नाही अशी नुसती मान हलवत राहिला, आणि डोळे वाहत होते. शेवटी रिसीव्हर मी घेतला.

"वहिनी, मी जोशी. तो मान हलवतोय. नाही म्हणतोय."