बोट कुणाचं, हेतू काय

देवस्थळींच्या घराची बेल एकदाच वाजवायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने दोनदा वाजवली. दार उघडल्यावर 'या, बसा' वगैरे काही नाही. म्हणाले, "पहिली ऐकू आली होती. दुसरी कशासाठी?"

माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण देवस्थळींपुढे कुणाचं काही चालत नाही.

पुण्यातून जपानला कॉम्प्युटरवाल्यांची रीघ लागली होती त्या वर्षांत आम्ही दोघं योकोहामातल्या एका कंपनीत होतो. इंटरनेटवरच्या जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की दुकानदाराच्या खिशातून पैसे जातात. मग शेजारचा दुकानदार मुद्दाम क्लिक करत बसतो, नाहीतर त्यासाठी एखादा प्रोग्रॅमच लावून देतो. हे खोटे क्लिक निवडून बाजूला काढायचे, हे आमचं काम. मी ते संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी जायचो. देवस्थळी बरोबर घेऊन हिंडायचे.

"बोट कुणाचं, हेतू काय?" हे त्यांचं पालुपद. लिफ्टचं बटण कुणी दोनदा दाबलं तरी हेच. सुपरमार्केटात चवीला लोणच्याचे तुकडे ठेवलेले असत. देवस्थळी त्यांना हात लावत नसत. घ्यायचं नसताना चाखणं म्हणजे खोटा क्लिक. माझ्या बायकोने एकदा मुळ्याचा दुसरा तुकडा उचलला, तर भर दुकानात म्हणाले, "वहिनी, पहिल्यात हेतू होता. हा निव्वळ फ्रॉड." तिने त्यांच्याकडे बघत बघत तिसरा खाल्ला.

त्यांचं सगळं ठाम असे. आणि वैताग म्हणजे बहुतेक वेळा बरोबर असे.

अशात कोबेच्या एका मसालेवाल्याची तक्रार आली. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर त्याची जाहिरात होती. तिच्यावर रोज एक क्लिक भारतातून यायचा. रोज एकच. भारतातून कोबेला हिंग घ्यायला कोण येणार? आमचे जपानी साहेब सातो-सान म्हणाले, "मशीन आहे. आठवडाभर एक वेळ, पुढच्या आठवड्यात दुसरी. वेळापत्रक लावलंय."

देवस्थळींनी आकडे बघितले आणि हसले. "सातो-सान, हे मशीन नाही. हे लोडशेडिंग आहे."

आमच्याकडे वीज जाते, तीही आठवड्याचं वेळापत्रक लावून, हे सातो-सानना समजवायला अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "वेळेवर जाते?" मी म्हटलं, "जायला वेळेवर जाते." त्यांनी आदराने मान लववली.

तोवर देवस्थळींचं हसू मावळलं होतं. क्लिक कराडच्या एका नेट सेंटरमधून येत होता. हा माणूस मंडळाचा गणेशोत्सवाचा फोटो उघडायचा, दहा-बारा मिनिटं त्यावर थांबायचा आणि मग खालची जाहिरात दाबून निघून जायचा. फोटोत कोपऱ्यात, प्रसादाचं ताट धरून, देवस्थळी उभे होते.

त्यांनी तिथूनच कराडला फोन लावला. वडील निवृत्त मुख्याध्यापक, एकटेच राहणारे. फोनवरचा त्यांचा करडा आवाज मला शेजारच्या खुर्चीत ऐकू येत होता.

"अण्णा, ती मसाल्याची जाहिरात तुम्ही दाबता?"

"रोज. तूच म्हणालास ना, कुणी दाबलं की तुला तिथे दिसतं म्हणून?"

"दाबू नका. त्या माणसाचं नुकसान होतं."

"बरं. पण मग मी येऊन गेलो हे तुला कळायचं कसं?"

देवस्थळींनी रिपोर्ट स्वतः लिहिला. बोट: माझे वडील. हेतू: खरेदीचा नाही. मसालेवाल्याचे पैसे त्यांनी आपल्या पगारातून भरले. घरच्या माणसासाठीही नियम वाकवला नाही, याचा मला तेव्हा थोडा रागच आला.

पण पुढच्या आठवड्यात त्यांनी एक पान तयार केलं. त्यावर जाहिरात नाही, काही नाही. तो फोटो आणि खाली एक बटण: 'येऊन गेलो'. टेबलावर ट्रेनच्या वेळापत्रकाशेजारी कराडच्या लोडशेडिंगचं वेळापत्रक लागलं. ठरल्या वेळेला देवस्थळी पडद्याकडे बघत, मोजणीत एकाची भर पडली की मान हलवत आणि कामाला लागत.

एके दिवशी भर पडली नाही. कराडला वीज होती. वेळापत्रकात मीही बघितलं. देवस्थळींनी पान पुन्हा उघडलं. मग पुन्हा. लिफ्टचं बटण दुसऱ्यांदा दाबू न देणारा हा माणूस तासभर पान पुन्हा उघडायचं एकच बटण दाबत बसला होता.

मी संधी साधली. "देवस्थळी, बोट कुणाचं, हेतू काय?"

ते हसले नाहीत. मला माझीच लाज वाटली. फोन त्यांच्यापुढे सरकवून म्हटलं, "विचारा ना सरळ."

"फोनवर ते ठीक आहे म्हणतात," देवस्थळी म्हणाले. "आईच्या वेळीही शेवटपर्यंत ठीक आहेच म्हणत होते."

तरी त्यांनी नंबर फिरवला. अण्णांनी उचलला आणि नेहमीसारखं "ठीक आहे" म्हणाले. नेट सेंटरवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, सेंटर बंद होतं; अण्णा नुकतेच तिथून जेवून आले होते.

"असं होय," देवस्थळी म्हणाले. एवढ्यावर ते फोन ठेवतात. त्या दिवशी ठेवला नाही. खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाले, "अण्णा, जेवायला काय होतं लग्नात? सगळं सांगा. पहिल्यापासून."