बेटाची शंभर टक्के मतं

मॅनस बॉयलला माशांच्या खोक्यात बसवून क्रेनने बोटीत उतरवलं, तेव्हा इनिशफार बेटावरची सगळी माणसं धक्क्यावर हजर होती. सगळी म्हणजे एकवीस, मॅनसला धरून. त्याचा उजवा खुबा पार गेला होता, धक्क्यावरून बोटीत उतरायला उभी लोखंडी शिडी, आणि दवाखाना समुद्राच्या पलीकडे. दुसरा इलाज नव्हता. खोकं हवेत एकदा गरकन फिरलं. मॅनसने टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमध्ये बसल्यासारखी.

"बांगडा ताजा दिसतोय," खालून बोटवाला कॉन्डी म्हणाला.

सगळे हसले. मॅनसची बायको डिंफना हसली नाही. सेहेचाळीस वर्षांत तिने या माणसाला इस्त्रीच्या शर्टाशिवाय बेटाबाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि आज तो इस्त्रीच्या शर्टासकट मासळीसारखा लोंबकळत होता. पलीकडे डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, खुबा बदलावा लागेल, सप्टेंबरात या. म्हणजे सप्टेंबरात जाताना खोकं, आणि येताना टाक्यांसकट खोकं.

"मी त्या खोक्यात परत बसणार नाही," घरी आल्यावर मॅनस म्हणाला. "मेलो तरी चालेल. मेल्यावर बसवा हवं तर."

एवढं बोलून तो खिडकीशी जाऊन बसला. हा माणूस वर्षातून दोनदाच हट्ट धरतो आणि दोन्ही वेळा सोडत नाही, हे डिंफनाला माहीत होतं. तेव्हा सप्टेंबरच्या आत धक्क्याला पायऱ्या झाल्या तर नवरा चालता होणार, नाही तर खिडकीशी बसून राहणार. गणित साधं होतं.

पायऱ्यांचं ती अकरा वर्षं सांगत होती, आणि ऐकून घेणाऱ्यांची कधी कमतरता पडली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या भाऊबंदकीतून देशात दोन पक्ष झाले होते. डिंफना लग्न करून एका पक्षाच्या घरातून दुसऱ्या पक्षाच्या घरात आली. सासरच्या पक्षाने पायऱ्यांचं वचन तीनदा दिलं, माहेरच्या पक्षाने दोनदा. मग दोघे मिळून सरकारात बसले. तेव्हा तिला वाटलं होतं, आता पाच वचनं एका ठिकाणी जमली आहेत, निदान एक पायरी तरी होईल.

मे महिन्यात पुन्हा निवडणूक आली आणि सासरच्या पक्षाचा उमेदवार शिडी चढून धापा टाकत दारात उभा राहिला.

"डिंफना, तुमच्या पायऱ्या अगदी माझ्या डोळ्यांसमोर आहेत."

"तिथेच आहेत म्हणून धक्क्यावर नाहीत."

"यंदा नक्की."

"हे वाक्य तुम्ही गेल्या वेळी याच पायपुसण्यावर उभं राहून बोललात. पायपुसणं झिजलं, मी नवीन आणलं. वाक्य तेच आहे."

उमेदवार हसला, मॅनसशी हात मिळवला, उजव्याऐवजी डाव्या खुब्याची चौकशी केली, आणि गेला.

त्याच संध्याकाळी डिंफनाने सगळ्या बेटाला रोझ अ‍ॅनच्या दुकानात गोळा केलं आणि सांगितलं, यंदा कोणीही मत द्यायचं नाही. पेटी रिकामी आली तशी रिकामी परत जाईल. ती रिकामी पेटी बघून डब्लिनच्या सरकारला घाम फुटला पाहिजे.

"एकवीस मतांनी?" शेजारचा ह्यूडी म्हणाला.

"असलेल्या मतांनी आजवर काय झालं? आता नसलेल्यांनी बघू."

सगळ्यांनी हात वर केले. मॅनसने खुर्चीत बसल्या बसल्या अर्धा हात वर केला. तो डिंफनाने पूर्ण धरला.

आता हात वर करणं वेगळं आणि घरी बसणं वेगळं. इनिशफारचा माणूस आजारपणातही मत चुकवत नाही. बापाने कोणाला दिलं, आजोबाने कोणाला दिलं, यावर त्याची ओळख ठरते. तेव्हा मतदानाच्या दिवशी डिंफना सकाळी नऊलाच विणकाम आणि चहाची किटली घेऊन शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसली. पोरांअभावी बंद पडलेल्या या शाळेतच मतदान, आणि किल्ली तिच्याकडेच असते, त्यामुळे तिला ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं. मतदानाचे अधिकारी टर्लो मास्तर समुद्रापलीकडून पेटी घेऊन आले आणि आत बसले. सोबत आलेल्या पोलिसाला बोट लागली होती. तो बालवर्गाच्या बाकांवर आडवा पडला.

साडेदहाला ह्यूडी आला. रविवारचा कोट घालून.

"मेंढी हरवली," तो म्हणाला.

"कोट घालून शोधतोस?"

"ती मला याच कोटात ओळखते."

"मेंढी मत द्यायला आत गेलेली नाही. मी नऊपासून बसलेय."

ह्यूडी गेला. मग रोझ अ‍ॅन आली, मास्तरांना चहा हवा का विचारायला. किटली समोरच होती. ती बघून परत गेली. कॉन्डी दोनदा आला, एकदा पोलिसाची तब्येत बघायला आणि एकदा पहिल्यांदा बघितलेली बरोबर होती का ते बघायला. दुपारी दोनला खुद्द मॅनस दोन कुबड्यांवर अर्धा मैल तुडवत आला. घामाने निथळत होता.

"तू जेवलीस का विचारायला आलो."

"जेवले. जा."

शाळेच्या दाराकडे त्याने एक नजर टाकली, आणि कुबड्या वळवल्या. त्याला अर्धा मैल परत जाताना बघून डिंफनाचे दोन टाके चुकले. पण ती हलली नाही.

साडेतीन वाजले. चारला पेटी बंद. टर्लो मास्तरांनी सगळं वर्तमानपत्र वाचून संपवलं होतं, जाहिरातींसकट.

"आत येऊन बसा, डिंफनाबाई. आता कोण येतंय? दिवसभरात माणसाशी बोललो नाही. हा पोलीस बोलायच्या स्थितीत नाही."

ती आत गेली. टेबलावर मतपत्रिकांचा कोरा गठ्ठा, बाजूला सुतळीने बांधलेली पेन्सिल. वरच्याच पत्रिकेवर सात नावं, प्रत्येकापुढे फोटो. सासरच्या पक्षाचा उमेदवार तिच्याकडे बघून हसत होता, पायपुसण्यावर हसला होता तसाच.

बहिष्कारात एक खोट आहे हे डिंफनाला त्या क्षणी कळलं. त्यात कोणाला शेवटचा नंबर देता येत नाही. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन आकडे घालायचे, हे सगळ्यांनाच माहीत. पण इनिशफारवर मताची खरी चव खालच्या टोकाला असते.

"मास्तर, मला फक्त एक सात लिहायचाय. बाकी काही नको."

"नुसता सात चालत नाही. कोणाला तरी एक दिल्याशिवाय मत बाद."

"म्हणजे एकाला हाणायचं तर दुसऱ्याचं कौतुक करायचं?"

"नियम आहे."

"नियम करणाऱ्याचं लग्न झालेलं दिसत नाही. द्या इकडे."

सासरच्याला सात दिला. कागद फाटेल इतका दाबून. माहेरच्याला सहा, कारण माहेर झालं तरी दोन वचनं ती दोन वचनंच. पाच नंबर त्या पक्षाला, जो म्हणे सगळं बदलून टाकणार होता. त्यांचं पत्र आलं होतं, 'प्रिय पॅट्रिक' म्हणून. या घरात पॅट्रिक नावाचं कोणी जन्मलेलंही नाही. चार नंबर अपक्षाला. तो प्रत्येक मयताला येतो. डिंफनाच्या बहिणीच्या मयताला त्याने तिचा हात हातात घेतला, आणि सोडला तेव्हा हातात त्याचं कार्ड होतं. तीन नंबर हवा शुद्ध ठेवणाऱ्यांना. चुलीत दलदलीतल्या मातीच्या विटा जाळू नका म्हणतात. मग काय जाळायचं ते पत्रकात नव्हतं, म्हणून तिने पत्रक जाळलं होतं. दोन नंबर सगळ्यावरच ओरडणाऱ्या माणसाला. निदान त्याचा आवाज समुद्रापलीकडून ऐकू येतो.

राहिला एक. फिआक्रा नावाचा पोरगेला माणूस, सायकल पक्षाचा. देशभर सायकलींसाठी रस्ते झाले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं. इनिशफारवर रस्ता एक मैल आहे आणि दोन सायकली, त्यातली एक कोंबड्या वापरतात. तो बेटावर कधी आला नव्हता, त्याचं पत्रही आलं नव्हतं. म्हणजे तो डिंफनाशी अजून एकदाही खोटं बोलला नव्हता. सातांत असा हा एकटाच. तिने त्याला एक दिला आणि पत्रिकेची घडी करून पेटीत टाकली.

"चला," मास्तर म्हणाले, "पेटी वाजेल तरी."

मतं एकत्र मिसळतात, कोणाचं कुठलं कोणाला कळणार, असं तिने धरलं होतं. हे वीस मतं पडली असती तर खरं होतं. मोजणीच्या हॉलमध्ये पेटी उघडताना प्रत्येक पक्षाचा माणूस कठड्याला रेलून, वही काढून उभा असतो. घडी उलगडली की नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रोझ अ‍ॅनच्या दुकानात सगळं बेट रेडिओभोवती जमलं होतं, रिकाम्या पेटीची बातमी ऐकायला.

"इनिशफार बेट," रेडिओवरचा माणूस म्हणाला. "एकूण मतं एक. सायकल पक्षाच्या फिआक्रा यांना एक. म्हणजे शंभर टक्के. एका पेटीतली सगळी मतं मिळवणारा या मतदारसंघातला हा एकमेव उमेदवार."

रोझ अ‍ॅनने रेडिओ बंद केला. मग ह्यूडीने हळूच विचारलं, "दारात कोण बसलं होतं?"

वीस माना वळल्या. मॅनसचीही.

"हे बघा," डिंफना म्हणाली, "तुमच्यावर लक्ष ठेवायला मी बसले होते. माझ्यावर लक्ष ठेवायला कोण बसलं होतं? कोणीच नाही. मग चूक कोणाची?"

"मला तू मेंढीवरून परत पाठवलंस."

"मेंढी सापडली का?"

"हरवलीच नव्हती."

"मग खोटं कोण बोललं?"

मॅनस मात्र काही विचारतच नव्हता. त्या दोघांनी सेहेचाळीस वर्षं एकमेकांना मत विचारलं नव्हतं. तोही तसा, तीही तशी, म्हणून संसार झाला. मॅनसने आपलं गृहीत धरलं होतं की लग्नाबरोबर बायकोचं मतही या घरात आलं. आता तो घरी गेला, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोखाली बसला आणि तीन आठवडे फक्त मीठ मागण्यापुरता बोलला.

चौथ्या आठवड्यात फिआक्रा आला. तो मोजणीच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता. सगळ्या मतदारसंघात त्याला दोनशे चौदा मतं पडली होती, पण इनिशफार हा आपला बालेकिल्ला आहे असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आभार मानायला तो वार्ताहर आणि सायकल दोन्ही घेऊन आला. सायकल खांद्यावर अडकवून शिडी चढू लागला. अर्ध्यात चाक दांड्यात अडकलं. सायकल गेली समुद्रात. फिआक्रा शिडीला मिठी मारून डोळे मिटून थांबला. वर येईना, खाली जाईना.

"खोकं सोडा," डिंफना म्हणाली.

सायकल पक्षाचा नेता माशांच्या खोक्यातून धक्क्यावर आला तो फोटो शनिवारी पहिल्या पानावर छापून आला. खाली मथळा, 'सायकलस्वारांसाठी धक्का असुरक्षित'. त्यानंतर दहा दिवसांत जिल्ह्याचा इंजिनिअर येऊन टेप लावून गेला. पायऱ्यांसाठी अकरा वर्षं पैसा नव्हता आणि अजूनही नव्हता. सायकलींसाठी मात्र होता. तो वर्ष संपायच्या आत कुठे खर्च करायचा ते कोणाला सुचत नव्हतं.

"पायऱ्यांवरून सायकल जात नाही," इंजिनिअर म्हणाला. "उतार करावा लागेल. दोन्हीकडे कठडा. चालेल का?"

"सायकलींची गैरसोय नको," डिंफना म्हणाली. "करा."

ऑगस्टच्या शेवटी उतार तयार झाला. थेट बोटीच्या फळीपर्यंत, हिरव्या रंगाचा, दर दहा पावलांवर पांढरी सायकल रंगवलेली. सप्टेंबरात मॅनस इस्त्रीचा शर्ट घालून, एक हात कठड्यावर आणि एक कुबडीवर, आपल्या पायांनी खाली निघाला. बेट धक्क्यावर उभं होतं. कोणी हसलं नाही. ह्यूडीने तर टोपी काढली. डिंफना पिशवी घेऊन एक पाऊल मागे.

तिसऱ्या सायकलीवर मॅनस थांबला.

"एक नंबर त्या पोराला दिलास, ते मी पचवलं," तो म्हणाला. मागे वळला नाही. "पण दोन नंबर कोणाला दिलास?"

खालून कॉन्डीने भोंगा वाजवला. डिंफनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पुढे झाली, आणि त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"तुझ्या लोकांना. आणखी कोणाला देणार?"

मॅनसने मान हलवली. त्याचा चेहरा मे महिन्यानंतर पहिल्यांदा मोकळा झाला, आणि तो उरलेला उतार कठडा न धरता उतरला. ती मागून बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की उमेदवारांचं हे काम दिसतं तितकं अवघड नाही. समोरच्याचा चेहरा असा मोकळा होत असेल, तर माणूस दारोदार जाऊन दिवसभर हेच करू शकतो.