फ्रिजमधला पिवळा कॅन

एक दिवस रागवायचं नाही. बस्स, एवढंच! लोक महिनामहिना मौन पाळतात आणि मला एक दिवस जीभ आवरता येणार नाही? मी छाती ठोकून बायकोला सांगितलं, "उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला, तर नाव बदलीन!"

"कुठलं कुठलं बदलणार?" ती म्हणाली. "ऑफिसात तुम्हाला ज्वालामुखी म्हणतात, शेजारी फटाका म्हणतात, आणि माझ्या माहेरी तर..."

"माहेरी काय म्हणतात?"

"बघा, चढला आवाज!"

ही शपथ मी हौसेने घेतली नव्हती. माझ्या मूत्रनळीत खडा अडकला होता. शर्टाच्या बटणाएवढासुद्धा नाही, पण ओला टॉवेल पिळावा तसा मला पिळत होता. स्कॅन काढला. डॉक्टरीणबाईंनी खडा पाहिला आणि मग बोट जरा वर सरकवलं.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तुमच्या टोपीत एक गाठ दिसतेय."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"घाबरू नका. अशा बहुतेक गाठी मुक्या असतात, नुसत्या बसून राहतात. एखादी मात्र बोलकी निघते. रक्तात असं काही सोडते की दाब एकदम चढतो, घाम फुटतो, छाती धडधडते. तशात भूल दिली तर टेबलावरच दाब आभाळाला भिडायचा. म्हणून गाठीचं कळल्याशिवाय मी खड्याला हात लावणार नाही. आणि खड्याला फार थांबवताही येणार नाही, मूत्रपिंड सुजायला लागलंय." मग त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला सहज विचारलं, "हे कधी विनाकारण भडकतात का?"

बायकोने खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, किती वेळ आहे तुमच्याकडे?"

मला गाठीची धास्ती आणि हिच्या डोळ्यांत चमक!

"गाठ बोलकी असली तर काढता येते ना हो?"

"येते."

"मग राग जाईल?"

"कमी होऊ शकतो."

जिन्यात मी म्हणालो, "अगं, नवऱ्याची गाठ बोलकी निघावी म्हणून देवाला साकडं घालणारी तू पहिलीच!"

"गाठ कापता तरी येते. स्वभावाला कुठे औषध असतं?" ती हसत होती, पण माझी बाही तिने इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली.

तपासणी अशी, की एका दिवसाची आणि रात्रीची सगळी लघवी एकाच कॅनमध्ये साठवायची. कॅनमध्ये आधीच थोडं ॲसिड घातलेलं. थंड जागी ठेवायचा. एक थेंब वाया गेला की पुन्हा पहिल्यापासून! आणि त्या दिवशी धावपळ नको, चिडचिड नको.

आता मी नोकरी कुठे करतो? पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत. अशा खिडकीत बसून ज्याला राग येत नाही, खरं तर त्याचीच आधी तपासणी करायला हवी! लोक बाटल्या आणि कॅन भरभरून नळाचं पाणी आणतात. तांबडं, पिवळं, शेवाळी. आम्ही ते फ्रिजमध्ये ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवणं हीच आमच्याकडे कारवाई!

मी रजा मागितली. साहेब म्हणाले, "उद्या? उद्या ती पिवळ्या पाण्याची गल्ली अख्खी चालून येणार आहे. त्यांच्यावर ओरडायला कोण? मी?"

रजा नाही. कॅन पिशवीत घालून मी ऑफिसात गेलो. दर वेळी पिशवी घेऊन स्वच्छतागृहात, पिशवी घेऊन बाहेर.

"एवढं काय जपता हो त्यात?" टायपिस्ट बाई डोळे बारीक करून म्हणाल्या.

"आयुष्याची कमाई," मी गोड हसलो. त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. मला हसताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारी कॅन बराच भरला. ऑफिसात थंड जागा एकच, तोच नमुन्यांचा फ्रिज. सगळ्यात खालच्या कप्प्यात, पार मागे मी तो सरकवला. आणि गल्ली आली! पुढे एक निवृत्त शिक्षिका, हातात बाटली, मागे पंचवीस-तीस माणसं.

"हे पाणी पिता तुम्ही?" बाई कडाडल्या.

एरवी मी छप्पर उडवलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "बसा ना ताई. तुमची तक्रार अगदी रास्त आहे."

बाईंनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा नरमलाय! चला आत!" आणि सगळी वरात थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. राखणीचा कुत्रा शेपूट हलवायला लागला की घरात कुणीही शिरतं!

साहेबांना घाम फुटला. त्यांनी शिपायाच्या कानात सांगितलं, "फ्रिजमधून एखादा नमुना आण. त्यातल्या त्यात स्वच्छ दिसेल तो!"

शिपायाने आज्ञा तंतोतंत पाळली.

मी दारात पोहोचलो तेव्हा टेबलावर माझा कॅन होता, झाकण उघडं होतं आणि साहेब काचेचा ग्लास भरत होते. गल्लीने मोबाइल वर धरले होते.

"याला पिवळं म्हणता? जुन्या पाइपची जराशी झाक आहे! तुमच्यासमोर पितो मी!"

नेमका त्याच क्षणी खडा कुशीत फिरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. भिंत धरली. शांत. शांत राहायचं. एक थेंब सांडला तर सगळं पुन्हा, आणि मूत्रपिंड थांबायला तयार नाही.

"साहेब," मी लोण्यासारख्या आवाजात म्हणालो, "ग्लास खाली ठेवा."

"मध्ये बोलू नका!"

"साहेब, त्यात ॲसिड आहे हो."

"आमच्या पाण्यात ॲसिड?" गल्लीचा एकच गिल्ला! कुणी टेबल बडवलं, कॅन डुचमळला, माझं काळीज डुचमळलं.

"ॲसिडबिसिड काही नाही! हे बघा!" साहेबांनी ग्लास उचलला. ओठ आणि काच यांत बोटभर अंतर उरलं.

"ठेव तो ग्लास खाली! ती माझी लघवी आहे!!"

साहेबांनी ग्लास असा ठेवला, जणू त्यात साप होता. मी धावलो. ग्लास कॅनमध्ये रिकामा केला, उलटा धरून शेवटचा थेंब टिचकीने पाडला आणि झाकण घट्ट लावलं.

शिक्षिकाबाईंनी शांतपणे आपली बाटली माझ्या कॅनशेजारी ठेवली. चष्मा सावरून दोन्हींकडे पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "यांची आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. आम्हाला यांच्याच नळाचं कनेक्शन द्या!"

पुढे चौकशी झाली. माझी! 'कार्यालयीन फ्रिजचा खासगी वापर.' त्या गल्लीत अजून पिवळंच पाणी येतं.

घरी बायकोने विचारलं, "सांडलं नाही ना?"

"थेंबही नाही."

"ओरडलात?"

"एकदा."

"दिवसभरात एकदाच?" तिचे डोळे भरून आले.

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी इतकं गोड बोललो की शेजारी चौकशीला आले. मग डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "गाठ मुकी आहे. लहान आहे, काढायची गरज नाही. वर्षाने पुन्हा बघू. खडा उद्याच काढते."

बायकोने हात जोडले, डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "म्हणजे डॉक्टर... यांचा राग?"

"तो त्यांचा स्वतःचा."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली, लेसरने खड्याचा भुगा केला. दाब जागचा हलला नाही. भूल उतरताना मी काय केलं ते मला आठवत नाही. नर्सला म्हणे मी 'माउली' म्हणालो. बायकोचा हात धरून म्हणालो, "तू म्हणशील तसं." आणि वर, "तुझी आई मला फार फार आवडते!"

एवढं मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. भूल देणारे डॉक्टर निघाले होते आणि ही त्यांच्यामागे दारापर्यंत धावली.

"डॉक्टर, डॉक्टर! हे औषध गोळ्यांत मिळतं का हो?"