एन म्हणजे निवांत

बिनगिअरची गाडी आल्यापासून सुधीरचा डावा पाय जावयासारखा वागायला लागला होता. काम काही नाही, नुसता पसरून बसलेला. तुळजाबाई सूसपासून पौडपर्यंत त्या पायाकडे डोळे वटारून बघत आल्या.

"आये, ह्या गाडीत डाव्या पायाला कामच न्हाई," सुधीर म्हणाला. "ॲटोमॅटिक हाय. समदं आपलं आपण करती."

"मंग तू कशाला बसलायस?"

दांडीजवळची अक्षरं त्यानं आईला तिच्या भाषेत पढवली होती. पी म्हणजे पायउतार, आर म्हणजे रिवस, एन म्हणजे निवांत, डी म्हणजे दामट. तुळजाबाई शाळेतून पळाल्या त्या पळाल्याच, पण ही चार अक्षरं त्यांनी सगळ्या सोसायटीला शिकवून सोडली होती.

आज मात्र जिवाला स्वस्थता नव्हती. पौडच्या पुढं माले गावी धाकट्या जावेनं, सारजाबाईनं, जेवायला बोलावलं होतं. आपल्या लेकीच्या, दीपालीच्या, साखरपुड्यात सारजानं नवरदेवाकडच्या बायकांना आधी हळदीकुंकू लावलं आणि थोरल्या जावेला मागून. तेव्हापासून अबोला. आता लग्न तोंडावर आलेलं. जिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्याच अक्षता चुकतात की काय, या घोरानं तुळजाबाईंचा डोळा लागत नव्हता. दीपालीसाठी घेतलेली साडी पिशवीत होती. पण हे सारजाला कळता कामा नये.

सारजाबाईचं घर चढावर. सुधीरनं दारासमोर गाडी उभी केली.

"उतर, आये."

"मी पायउतार व्हणार न्हाई. तिला भायेर येऊन 'या' म्हणू दे, मग बघू."

"तू पायउतार व्हणार न्हाईस, तर मग पीवर कशाला टाकू? निवांतवर ठेवतो. एसी चालू हाय, बस."

दांडी एनवर सरकवून, हँडब्रेक लाजेकाजेस्तव ओढल्यासारखा करून तो काकूला बोलवायला आत गेला.

तुळजाबाई बसल्या. कुणी येईना. त्यांनी डावीकडं कूस बदलली, उजवीकडं बदलली, पिशवी मांडीवर आपटली. एवढी चुळबुळ त्या अर्धवट ब्रेकला सोसवली नाही. दारातली तुळस हळूहळू लांब जायला लागली.

तुळजाबाई घाबरल्या नाहीत. समदं आपलं आपण करती ना? मग इथं कुणी मान देत नाही हे ओळखून गाडी आपली आपण घरी निघाली. लेकाला कळलं नाही ते हिला कळलं. त्यांनी पदर सावरून मान ताठ केली. मग एकदम लग्न आठवलं.

"थांब गं जरा," त्या गाडीला म्हणाल्या. "येवढा बी राग बरा न्हवं."

गाडी कसली ऐकते. उलट वेग धरायला लागली.

तेवढ्यात सारजाबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात आली. बघते तो आक्का ताठ मानेनं उताराला लागलेल्या. तिच्या हातातला तांब्या हिंदकळला.

"आक्का, रुसून जाऊ नगा! चुकलं माझं!"

ती धावली. मागून सुधीर अनवाणी, "आये, बिरेक!" करत. आयेला बिरेक कुठला हे त्यानं शिकवलंच नव्हतं. शेवटी गाडीनं खालची भाताच्या पेंढ्याची गंज गाठली आणि निम्मी आत घुसून थांबली.

"तुमच्याबिगर पोरीवर अक्षता पडायच्या न्हाईत," सारजाबाई दार उघडत धापा टाकत म्हणाली. "पयलं हळदीकुंकू तुमाला. पर निघून जाऊ नगा."

तुळजाबाईंनी सावकाश पाय खाली टेकले.

"निघालेच व्हते," केसांतली काडी काढत त्या म्हणाल्या. "पर तू पळत आलीस. आता थांबते. ही घे पिशवी, दीपालीची हाय."

"काकू, आये निघाली न्हवती," सुधीर म्हणाला, "मीच एनवर..."

तुळजाबाईंनी नुसतं बघितलं. सारजाबाई पिशवी घेऊन पुढं झाली, तसा त्यांनी लेकाचा कान धरला.

"सुध्या, गाडी लावली की हँडब्रेक पुरता वडायचा आन् पायउतारवर टाकायची. मी उतरू न्हाईतर नगं उतरू. उभा जलम संसार वडला, मी कवा निवांत बसले न्हाई. ही कोण लागून गेली निवांत बसणारी?"