तिसरा धरणारा माणूस

गुरलिंगअप्पांच्या पिकअपमध्ये बसायला तिकीट लागत नाही. फक्त तिसरा धरावा लागतो.

म्हणजे तिसरा गिअर. अप्पांचं म्हणणं असं, की गाडी तिसऱ्यात घातली की दांडा आपोआप सुटतो आणि गाडी न्यूट्रलला येते. म्हणून शेजारी बसणाऱ्यानं तो पुढं दाबून धरायचा.

अप्पा अहमदपुरात आमच्याच गल्लीत राहतात. साठीचे, कपाळावर विभूती, अंगात बंडी. दिवसाआड नांदेडच्या पुढच्या अर्धापूरहून केळी आणतात. सकाळी स्टँडसमोर गाडी लावून शांतपणे विचारत असतात, "नांदेड, नांदेड. तिसरा धरणारा एकजण." नवखा माणूस घाबरून एसटीत चढतो.

दीड वर्षापूर्वी माझी इथल्या शाळेत बदली झाली, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बसवून घेतलं. वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत खांदा भरून आला. नाक खाजवायला हात उचलू लागलो तर म्हणाले, "सर, हात हलवू नका. तिसऱ्याला लगेच कळतंय."

"मग चौथ्यात घाला ना."

"चौथ्यात गाडी पळती. आपल्याला कुठं घाई हाय?"

गिअरबॉक्स एकदा उघडून बघा, असंही मी सुचवलं. "मिस्त्री म्हणून राहिला, दात झिजलेत. माझेबी झिजलेत. मला कोण बदलतंय?"

गेल्या उन्हाळ्यात एका नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली. अप्पांनी त्याला उचललं. मुंडावळ्या कानामागं खोचून, कट्यार सीटखाली ठेवून त्यानं लग्नाच्या गावापर्यंत तिसरा धरला. मांडवात पोचल्यावर त्याची मूठ उघडेना. नवरी हार घेऊन उभी आणि दोन मामा नवरदेवाची बोटं एकेक करून सोडवतायत. अप्पा पंगतीत सगळ्यांना सांगत होते, "पोरगं लई चांगलं हाय. एकदा धरलं की सोडत न्हाई."

एका हवालदारानं कागद बघायला गाडी अडवली, तर अप्पांनी दार उघडून दिलं. "बसा साहेब, चौकीवरच जाऊन बघू. तेवढा तिसरा धरा." चौकी आल्यावर हवालदार मनगट चोळत आत गेले. कागद बघायचे राहूनच गेले.

मागच्या महिन्यात कचेरीच्या कामाला नांदेडला निघालो होतो. लोहा मागं पडलं आणि माझा फोन वाजला. डाव्या हातानं खिशातून निघेना, म्हणून मी उजवा सोडला. हेडमास्तर शाळेतल्या खिचडीच्या तांदळावर बराच वेळ बोलले. मध्ये दोन मोठे खड्डे गेले. फोन ठेवून बघतो, तर दांडा जागच्या जागी.

"अप्पा, सुटला नाही."

अप्पा रस्त्याकडं बघतच म्हणाले, "नीट करून दोन वर्षं झाली."

मी माझ्या खांद्याला हात लावला. चांगलं फटकारावं असं मनात होतं, पण ते बोलतच होते.

"आधी खरंच सुटायचा. नऊ वर्षं बायकोनं धरला. गुडघ्यानं दाबून धरायची अन् मला शेंगा सोलून द्यायची. मी मुद्दामच नीट करून घेतला न्हाई. केला असता तर ती घरीच बसली असती."

"आणि आता?"

"ती गेल्यावर धरायला कोणी न्हाई, म्हणून केला. चार फेऱ्या एकट्यानं मारल्या, पण करमंना. नुसतं सोबत चला म्हटलं तर कोण येतंय, सर? तिसरा धरा म्हटलं की माणूस बसतं."

नांदेड आलं. अप्पांनी गाडी कडेला घेतली. कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी असते, असं सांगून मी बसूनच राहिलो.

अर्धापूरला केळी भरेपर्यंत आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. मी त्यांना बायकोचं नाव विचारलं. शिवकांता, म्हणाले. दीड वर्षात मी ते विचारलंच नव्हतं.